ग्रिटमधलं सीडम

नगर रस्त्यानं वाघोलीत शिरलं की भावडी, बकोरी, लोणीकंदकडच्या खाणींचा माल भरून निघालेले डंपर दिसल्याशिवाय राहत नाहीत. त्यांतून सांडलेली बारीक काळी खडी दुभाजकाला लागून साचते. बांधकामवाले तिला ग्रिट म्हणतात, तिच्याहून बारीक मालाला कच. या दगडातून पुण्याच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आता वाघोलीतल्याच उंच इमारतींच्या बाल्कन्यांत कुंड्यांच्या रांगा लागल्या आहेत. त्या कुंड्यांत बहुतेक वेळा भरलेली असते लाल माती, नाहीतर कोणाच्या तरी शेतातून आणलेली काळी माती. सीडम नावाच्या छोट्या, मांसल पानांच्या फुलझाडाला ही माती मारते. रस्त्याच्या कडेला कचरा समजून ओलांडली जाते ती ग्रिट त्याला जगवते.

वाघोली ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. त्या दिवशी एकूण २३ गावं शहरात घेतली गेली. टँकर मात्र सोसायट्यांच्या फाटकावरून अजून हललेला नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या बागेला किती पाणी घालायचं, यावर सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. त्यात पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलच्या दुपारी लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. अशा जागी वीतभर उंचीत मावणारं, आठवडाभर पाण्याची आठवण न काढणारं आणि हिवाळा सरता सरता पिवळ्या चांदण्यांनी भरून जाणारं झाड हवंच असतं. सीडम ते काम करतं, फक्त त्याच्याशी वागण्याची रीत गुलाब-जास्वंदीपेक्षा अगदी वेगळी आहे.

वनस्पतिशास्त्रात सीडम हे क्रॅस्युलेसी कुळातलं सगळ्यात मोठं घराणं. या कुळात साधारण १,४०० जाती आहेत आणि त्यांतल्या चारशेच्या वर एकट्या सीडमच्या. लिनियसनं १७५३ मध्ये या प्रजातीला शास्त्रीय नोंदीत बसवलं. युरोपचे डोंगर, मेक्सिको, चीन-जपान आणि आपल्याकडे हिमालय असा तिचा पसारा आहे. कातळाच्या भेगा, दगडी भिंती, कौलांवर साचलेली चिमूटभर माती एवढ्यावर ही झाडं भागवतात. महाराष्ट्रात या कुळाची ओळख करून द्यायची तर पानफुटीचं नाव घ्यावं लागतं. घायमारी म्हणूनही ती ओळखली जाते. पुस्तकात ठेवलेल्या पानाच्या कडेला नवी रोपं फुटतात, ते झाड. पानफुटी कलांचो प्रजातीतली, मूळची मादागास्करची, आणि आता इतकी रुळलेली की तिला परकी म्हणायला कोणी धजत नाही. नर्सरीत डिसेंबर-जानेवारीत लाल, केशरी, पिवळ्या गुच्छांनी भरलेली जी बुटकी कुंडी मिळते, तो कलांचोही याच घरातला.

सीडम आणि कलांचो यांत घोटाळा होत असेल तर फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात. सीडमला बहुधा ५ सुट्या पाकळ्या, त्यांच्या दुप्पट म्हणजे १० पुंकेसर आणि मध्ये ५ सुटे किंजदल असतात. फूल जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, पण भिंगातून पाहिलं तर इतकं नेटकं, की शाळेत फुलाचे भाग शिकवायला जास्वंदीऐवजी हेच घ्यावं. कलांचोच्या पाकळ्या ४, तळाशी जुळून त्यांची नळी झालेली, पुंकेसर ८. बाजारात भरगच्च पाकळ्यांचा कलांचोही मिळतो. तो माणसानं निवडून तयार केलेला आहे, त्याच्या पाकळ्या मोजून काही हाती लागत नाही.

या झाडांचं खरं कसब पानात आहे, आणि त्याची एक जुनी नोंद भारताशी जोडलेली आहे. बेंजामिन हाइन हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होता. पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याला चव राहत नाही आणि संध्याकाळी ते कडवट होतं, असं त्याला आढळलं. त्यानं हे पत्रानं कळवलं आणि १८१५ मध्ये ते लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापून आलं. कारण पुढे उलगडत गेलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच छिद्रांतून पाणी गमावतात. या कुळातली झाडं दिवसा छिद्रं मिटतात आणि रात्री हवा थंड झाली की उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न होतं. सकाळचा आंबटपणा त्या आम्लाचा. या पद्धतीला शास्त्रानं नावही क्रॅस्युलेसी कुळावरूनच दिलं. अननस आणि निवडुंग हीच युक्ती वापरतात. सीडमच्या काही जाती तर पाणी मुबलक असताना इतर झाडांसारख्या वागतात आणि ताण पडला की रात्रपाळीला येतात.

घरात मुलं असतील तर हाइनचा प्रयोग जिभेशिवाय करता येतो. पानफुटीचं एक पान पहाटे आणि एक संध्याकाळी खुडून ठेचावं, रस पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर लावावा. सकाळची पट्टी जास्त आम्लता दाखवते. चव मात्र घेऊ नये. त्याचं कारण पुढे आहे.

या रात्रपाळीतून बागकामाचे दोन नियम निघतात. पहिला उघड आहे: पान हीच पाण्याची टाकी असल्यानं मुळांशी सतत ओल नको. दुसरा सहसा कोणी सांगत नाही. या झाडांना रात्र थंड लागते. म्हणून पुण्याचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा वाढीचा काळ. मे महिन्यात स्लॅब आणि भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात, तेव्हा झाड पाण्यावाचून नव्हे तर उकाड्यानं थांबतं. थांबलेल्या झाडाला मालक काळजीपोटी जास्त पाणी देतो. मुळं कुजतात, पानं गळतात, पानं गळाली म्हणून आणखी पाणी घातलं जातं. वाघोली-खराडीच्या बाल्कन्यांत मेलेल्या सीडमपैकी बहुतेकांची कथा हीच असणार.

पुण्याच्या नर्सऱ्यांत सीडम म्हणून चार-पाच प्रकार मिळतात. नवशिक्यानं सीडम मेक्सिकॅनमपासून सुरुवात करावी. सुईसारखी बारीक, पोपटी-सोनेरी पानं, झपाट्यानं पसरणारा गादीसारखा झुपका आणि पिवळी फुलं. ऊन चांगलं सोसतं. दुसरं सीडम लिनिअर, पांढऱ्या कडांच्या अरुंद पानांचं. पानं एका जागी तीन-तीन येतात. टांगत्या कुंडीतून ते छान ओघळतं, पण दुपारच्या उन्हात पानांच्या पांढऱ्या कडा करपतात. तिसरं जेलीबीन, म्हणजे सीडम रुब्रोटिंक्टम. घेवड्याच्या दाण्याएवढी फुगीर पानं, जी उन्हात आणि थंडीत लाल होतात. सावलीत ठेवलं तर ती साधी हिरवी राहतात आणि लोक दुकानदारानं फसवलं म्हणून कुरकुरतात. चौथं सीडम मॉर्गेनिअनम, शेपटीसारखं खाली लोंबणारं. १९३८ मध्ये मेक्सिकोतल्या या जातीचं वर्णन शास्त्रीय नियतकालिकात आलं आणि आज ते जगभर टांगत्या कुंड्यांत आहे. त्याची पानं नुसता धक्का लागला तरी गळतात, त्यामुळे जिथे मांजर, कबूतर किंवा वाळत घातलेल्या चादरी आहेत तिथे ते टांगू नये.

परदेशी चित्रफितींत दिसणारी गुडघाभर उंच, गुलाबी तुऱ्यांची सीडम मात्र मागवू नयेत. ती थंड प्रदेशातली, हिवाळ्यात जमिनीवरचा भाग मरू देऊन वसंतात फुटणारी. पुण्यात त्यांना हवी तशी थंडी मिळत नाही. ऑनलाइन विकली जाणारी रंगीबेरंगी सीडमची बी तर घेऊच नये. खरं बी धुळीसारखं बारीक असतं, ते रुजवणं कष्टाचं, आणि चित्रांतल्यासारखी निळी-जांभळी झाडं त्यातून सहसा उगवत नाहीत.

आता मिश्रण. इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मं यश कुंडी भरतानाच ठरतं.

वाघोलीतल्या कोणत्याही बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात ग्रिट मिळते. ३ ते ६ मिलिमीटर आकाराचा माल मागावा. एक घमेलं घेतलं तर डझनभर उथळ कुंड्या होतात. दुकानदाराला एवढीशी खरेदी विनोदी वाटते, पण तो देतो. बांधकामाच्या ढिगातून किंवा खाणीवरून न विचारता उचलू नये. त्या दगडामागे माणसांची मेहनत आहे. वाघोलीच्या खाणींवर वडार आणि इतर समाजांतली कुटुंबं राबत आली आणि त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेला ‘पाषाण शाळा’ काढाव्या लागल्या, हे इथल्या नव्या रहिवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणलेली ग्रिट तशीच वापरली तर फसगत होते. क्रशरमधून निघालेल्या मालाला दगडाची पिठासारखी धूळ चिकटलेली असते. पाणी पडलं की ही धूळ कुंडीच्या तळाशी जाऊन बसते आणि सुकली की घट्ट थर होतो. निचऱ्यासाठी आणलेला दगडच निचरा बंद करतो. म्हणून ग्रिट जुन्या चाळणीत घेऊन बादलीत बुचकळावी, गढूळ पाणी ओतून द्यावं, पुन्हा बुचकळावी. तीन पाण्यांत ती स्वच्छ होते. टँकरच्या पाण्याचा हा खर्च जिवावर येत असेल तर पावसाळ्यात गच्चीवर पसरून ठेवावी, पाऊस फुकट धुऊन देतो. कच आणि क्रश सँड या कामाला घेऊ नयेत. दोन्हींत बारीक कण जास्त. नदीची वाळू चालते, पण ती महाग आणि तिच्या उपशाचे प्रश्न वेगळे. दगड दारात असताना तिच्या मागे लागायचं कारण नाही.

धुतलेली ग्रिट २ भाग, भिजवून पिळलेलं कोकोपीट १ भाग, चाळलेलं गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत १ भाग, आणि कुंडीमागे चमचाभर निंबोळी पेंड. एवढं पुरतं. विटांचा चुरा घरी असेल तर ग्रिटचा थोडा वाटा त्याला द्यावा, तो हलका असतो आणि थोडी ओल धरतो. काळी माती मुठीएवढीसुद्धा नको. ती शेतात सोनं असली तरी कुंडीत ओली झाली की चिखल आणि सुकली की भेगाळलेलं ढेकूळ. तिच्या फुगण्या-आकसण्यात सीडमची केसासारखी मुळं तुटतात. तयार मिश्रण मुठीत दाबून पाहावं. मूठ उघडल्यावर लाडू झाला तर ग्रिट वाढवावी, भुगा ओघळला तर जमलं.

कुंडी मातीची, उथळ आणि रुंद असावी. ८ ते १० सेंटिमीटर खोली सीडमला भरपूर होते. खोल कुंडीत खालचा निम्मा भाग नुसती ओल धरून बसतो. छिद्र एकच असेल तर त्यावर खापरीचा तुकडा किंवा जाळीचा कपटा ठेवावा. खाली बशी ठेवायची सवय मोडावी. ठेवलीच तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं रिकामी करावी. डासांच्या दृष्टीनंही ते बरं.

पाणी किती दिवसांनी, हा प्रश्न नर्सरीत सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर आकड्यात देणं धोक्याचं आहे. पाचव्या मजल्यावरची वाऱ्याची बाल्कनी आणि तळमजल्यावरची दोन इमारतींमधली खिडकी यांत फार फरक पडतो. तरी सुरुवातीचा अंदाज म्हणून: हिवाळ्यात ७ ते १० दिवसांनी, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात ५-६ दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये पुन्हा बेतानं आणि नेहमी संध्याकाळी. द्यायचं तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्यायचं, मग पूर्ण सुकू द्यायचं. रोज चहाच्या कपानं घोटघोट देणं सगळ्यात वाईट. शंका आली तर पान सांगतं. खालची पानं किंचित सुरकुतली, बोटांनी दाबल्यावर मऊ लागली की पाण्याची वेळ झाली. पानं पिवळसर, काचेसारखी पारदर्शक आणि चिकट झाली तर पाणी जास्त झालं. मग झारी बाजूला ठेवून मुळं तपासावीत.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण दिसेल. कुंडीच्या कडेवर आणि ग्रिटवर पांढरा थर जमतो. हे कठीण पाण्यातले क्षार. सीडम थोडे सोसतं, पण वर्षानुवर्षं साठत गेले तर मुळांची टोकं जळतात. पावसाळ्याच्या तोंडावर, हवा अजून कोरडी असताना, एखाददुसरी चांगली सर कुंड्यांवरून जाऊ द्यावी. क्षार धुऊन निघतात. मग लगेच कुंड्या आत घ्याव्यात.

आत घ्याव्यात, हे ठासून सांगायला हवं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेकडे सरकावं तसा तो कमी होत जातो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणाच्या मानानं हा पाऊस काहीच नाही, पण सीडमला छळतो तो पावसाचा आकडा नसून सलग आठ-दहा दिवसांचं मळभ. ऊन नाही, हवा दमट, कुंडी सुकत नाही. बुंध्याजवळ खोड काळं पडतं आणि वरचा झुपका दोन दिवसांत कोसळतो. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून कुंड्या छपराखाली पण उजेडात हव्यात. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवल्या तर खालून वारा खेळतो. झुपके दाट झाले असतील तर मे महिन्याच्या शेवटी कात्रीनं एक तृतीयांश विरळ करावेत. कापलेल्या फांद्या फेकू नयेत. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणं राखतो, तसा सीडमचा थोडा साठा वेगळ्या, कोरड्या ग्रिटच्या ट्रेमध्ये घरात खिडकीशी राखून ठेवावा. बाहेरचं सगळं कुजलं तरी ऑक्टोबरमध्ये तेवढ्यावर नवी बाग उभी राहते.

उन्हाळ्याची तयारी त्यामानानं सोपी. मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाल्कनीत ५० टक्के सावली देणारी शेडनेट लावावी किंवा कुंड्या पूर्वेला हलवाव्यात. सकाळचं ३-४ तासांचं ऊन पुरतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या या दिवसांत तापून मुळं शिजवतात, त्या भिंतीपासून दूर आणि एकमेकींना खेटून ठेवाव्यात म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. खत बंद. खताची आठवण नोव्हेंबरमध्ये करावी: १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, नोव्हेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा. जास्त नत्र मिळालं की सीडम लांबुडकं, पोकळ आणि फिकट होतं, आणि माव्याला आमंत्रण देतं.

रोपं वाढवायला दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. बोटभर लांबीच्या फांद्या कापाव्यात, खालची पानं काढावीत आणि जखम सुकण्यासाठी सावलीत दोन-तीन दिवस नुसत्या पडू द्याव्यात. ही वाट पाहणं अनेकांना जमत नाही. ओली जखम ओल्या मातीत गेली की कुजते. मग फांदी ग्रिटच्या मिश्रणात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोचावी, चार-पाच दिवसांनी हलकं पाणी द्यावं. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. जेलीबीन आणि मॉर्गेनिअनमची गळालेली पानंसुद्धा कामाची: ट्रेमध्ये ग्रिटवर नुसती पसरावीत, पुरू नयेत. देठाच्या टोकाला आधी गुलाबी मुळं आणि मग मोहरीएवढं रोप दिसतं. जुनं पान स्वतः सुकून गळेपर्यंत ओढू नये, रोप त्याच्यावर जगत असतं. मेक्सिकॅनमच्या बारीक पानांवर मात्र वेळ घालवू नये, त्याच्या फांद्याच झटपट लागतात.

किडींपैकी पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले की कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसावा. निमतेलाची फवारणी भर उन्हात केली तर पानांवरचा मेणाचा थर जातो आणि पानं भाजतात. करायचीच तर संध्याकाळी, आधी एका फांदीवर करून पाहावी. पावसात गोगलगायी येतात, त्या हातानं वेचाव्यात. कबुतरांवर औषध नाही, जाळी आहे.

कलांचो आणि पानफुटीच्या पानांत मात्र कधीकधी आतून पोखरल्यासारखे पांढुरके डाग आणि कडेला छिद्र दिसतं. लोक रोग समजून बुरशीनाशक मारतात. बहुतेक वेळा ती रेड पिएरो फुलपाखराची अळी असते. हे फुलपाखरू कलांचोच्या पानांवर अंडी घालतं, अळी जाड पानात शिरून आतला गर खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. फुलपाखरू इवलंसं, जमिनीलगत संथ उडणारं: मागच्या पंखांवर वरून केशरी-लाल डाग, खालून पांढऱ्यावर काळे ठिपके. पुण्याच्या बागांत ते सर्रास दिसतं. फुलांसाठी आणलेला कलांचो वाचवायचा असेल तर पोखरलेली पानं खुडून बाजूच्या पानफुटीवर ठेवावीत. एक कुंडी त्या अळ्यांच्या नावानं सोडायला काहीच हरकत नाही. पानफुटी कशानंही मरत नाही.

कलांचोची दुसरी तक्रार म्हणजे नर्सरीतून आणला तेव्हा फुललेला होता, पुढच्या वर्षी नुसती पानं. मादागास्करच्या डोंगरांतलं हे झाड १९३२ मध्ये पॉट्सडॅमचे बी-व्यापारी रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी बाजारात आणलं आणि त्याला नावही त्यांचंच मिळालं. रात्र लांबली की ते कळ्या धरतं. पुण्यात २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि २१ डिसेंबरचा जेमतेम ११ तासांचा असतो. त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून रात्री पुरेशा मोठ्या होत जातात आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात. पण सोसायटीचा पांढरा एलईडी दिवा रात्रभर बाल्कनीत पडत असेल तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी त्या उजेडातून हलवावी, एवढाच उपाय. दिवाळीला फुलं हवी असतील तर ऑगस्टच्या मध्यापासून रोज संध्याकाळी ५ ते सकाळी ७ या वेळेत कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालावं, न चुकता सहा आठवडे. कळ्या दिसल्या की खोकं बंद. फुलं संपली की तुरे खालून कापावेत, मार्चमध्ये कुंडी बदलावी आणि फांद्या अर्ध्यावर छाटाव्यात.

आता चव न घेण्याचं कारण. कलांचोच्या जातींत, पानफुटीसकट, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. फुलांत ती जास्त. ऑस्ट्रेलियात कलांचोच्या काही जाती रानोमाळ पसरल्या आणि त्या खाऊन जनावरं दगावली. मुतखड्यावर रोज पानफुटीची पानं खायचा घरगुती सल्ला गावोगावी दिला जातो. हृदयविकाराची औषधं चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच मानू नये, आणि इतरांनीही खड्याचं निदान आधी करून घ्यावं. घरात कुत्रा-मांजर असेल तर कलांचो त्यांच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवावा. याच कुळातलं जेड हे झाडसुद्धा त्यांना बाधतं. सीडम मॉर्गेनिअनमचा मात्र त्यांना त्रास होत नाही. कोरियात तर सीडमची एक जात कोशिंबिरीत खातात, पण नर्सरीत फवारणी केलेल्या झाडावर तो प्रयोग नको. छाटणीचा कचरा नाल्यात किंवा पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीच्या काठी टाकू नये, कारण तिथे रान माजायला पानफुटीचं एक पान पुरतं.

सीडम आवडलं की पुढची उडी गच्चीवर हिरवं छप्पर करण्याची असते. अमेरिकेत डिअरबॉर्न इथल्या फोर्डच्या कारखान्याच्या छपरावर १० एकरांहून मोठा सीडमचा गालिचा २००३ पासून आहे आणि त्याचे फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. ते छप्पर मिशिगनच्या थंडीसाठी रचलेलं आहे. मान्सूनचे चार महिने त्याला माहीत नाहीत. शिवाय ओझ्याचा हिशेब करावा. १ चौरस मीटरवर १० सेंटिमीटर ग्रिटचं मिश्रण पसरलं तर ओलं असताना त्याचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. १०० चौरस फुटांचा तुकडा म्हणजे सुमारे दीड टन. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय आणि वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय हा उद्योग करू नये. उथळ ट्रे तुळयांच्या रेषेवर, छपराखाली, हलवता येतील असे मांडणं पुण्यात जास्त शहाणपणाचं.

खरेदीला वाघोलीकरांना लांब जायला नको. केसनंद-थेऊरमार्गे सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचनच्या नर्सऱ्या सुरू होतात. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे जाती ओळखायला शिकता येतं. रोप निवडताना फुलांकडे नव्हे तर बुंध्याकडे पाहावं: खोड टणक, बुंध्याशी काळेपणा नाही, पानांच्या बेचक्यात कापूस नाही. कुंडी हातात घेऊन तोलावी. अंगाच्या मानानं जड लागली तर ती नुकतीच भिजवलेली आहे, घरी नेऊन आठवडाभर पाणी देऊ नये. ऑनलाइन मागवलेली रोपं बऱ्याचदा कालिम्पोंगसारख्या थंड ठिकाणाहून मुळं धुऊन कागदात गुंडाळून येतात. ती चार दिवस सावलीत कोरडी ठेवून मग लावावीत आणि पंधरा दिवस थेट उन्हात नेऊ नयेत. नर्सरीच्या काळ्या पिशवीतलं रोप बहुधा नुसतं कोकोपीटमध्ये वाढवलेलं असतं. घरी आणल्यावर आठवड्याभरात मुळांभोवतीचा ओला गोळा बोटांनी अलगद मोकळा करून काढावा आणि रोप धुतलेल्या ग्रिटच्या मिश्रणात बसवावं. तो गोळा तसाच राहिला तर बाहेरची ग्रिट सुकते, आतलं कोकोपीट ओलं राहतं आणि रोप पहिल्याच पावसाळ्यात जातं.